हृदयस्नायूचे पारणे



पर्युषण पर्वात ज्या घरी अठ्ठाई किंवा मासक्षमण होते, त्या घराला पारण्याचे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. आठ दिवस अथवा महिनाभर केवळ उकळलेल्या पाण्यावर राहिलेल्या तपस्व्यापुढे कोणी भरलेले ताट ठेवीत नाही. मुगाचे पाणी, पातळ राब, तेही चमच्या-चमच्याने. आणि वडीलधारी मंडळी जवळ बसून असतात. दीर्घकाळ अन्नावाचून राहिलेल्या शरीराचा कारभार बदललेला असतो आणि त्यावर एकदम अन्नाचा मारा झाला तर तेच अन्न अपाय करते, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने घरोघरी ठाऊक आहे. आधुनिक वैद्यकाला याचे स्पष्ट भान दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आले. छळछावण्यांतून सुटलेल्या, उपासमारीने खंगलेल्या कैद्यांना प्रेमाने पोटभर जेवू घातले गेले आणि त्यांतील अनेक जण जेवल्यानंतर दगावले.

आजच्या व्याख्यानाचा विषय असाच आहे. फरक इतकाच की येथे उपाशी राहतो तो हृदयाचा स्नायू आणि त्याचे अन्न म्हणजे रक्त. रोहिणीत गुठळी अडकून हृदयाच्या एखाद्या भागाचे रक्त थांबते, याला हृदयविकाराचा झटका म्हणतात. ती गुठळी विरघळवून किंवा दूर सारून रक्त पुन्हा सुरू केले की रुग्ण वाचतो, हेही आता सर्वांना माहीत आहे. परंतु परत आलेले रक्त त्या उपाशी स्नायूला काही प्रमाणात इजाही करते, ही गोष्ट दवाखान्याबाहेर फारशी बोलली जात नाही. डॉक्टर तिला ‘रिपरफ्युजन इंज्युरी’ म्हणतात. मराठीत तिला पुनःप्रवाहाची इजा म्हणता येईल.

ही गोष्ट सर्वसामान्यांनी का समजून घ्यावी? अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर हमखास ऐकू येणारे एक वाक्य हे त्याचे कारण आहे: ‘इंजेक्शन देईपर्यंत चांगले बोलत होते हो, इंजेक्शन दिले आणि बिघडले!’ हे वाक्य अनेकदा खरे असते. माणूस बोलत असतो, औषध जाते, अर्ध्या-पाऊण तासात पडद्यावरील रेषा वेडीवाकडी होते, रक्तदाब घसरतो, धावपळ सुरू होते. नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर घडलेले ते असते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बहुधा चुकतो आणि तो चुकल्याची किंमत त्याच कुटुंबातील पुढचा रुग्ण मोजतो. त्याच्या वेळी घरचे म्हणतात, ‘इथे सुई नको, सरळ मुंबईला चला.’

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. या कष्टासाठी लागणारा प्राणवायू त्याला स्वतःच्या पोकळीत खळाळणाऱ्या रक्तातून मिळत नाही. बाहेरून वेढा घालणाऱ्या करोनरी रोहिण्यांमधून मिळतो. त्यांतील एक बंद पडली की मिनिटभराच्या आतच त्या भागाचे आकुंचन थांबते. स्नायू मात्र लगेच मरत नाही. साधारण वीस मिनिटांच्या आत रक्त परतले तर तो पुरता सावरू शकतो. त्यानंतर मरण सुरू होते, आणि ते हृदयाच्या आतल्या अस्तराकडून बाहेरच्या थराकडे, भरतीचे पाणी किनाऱ्यावर चढावे तसे, सरकत जाते. रायमर आणि जेनिंग्ज या अमेरिकी संशोधकांनी १९७७ साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. ४० मिनिटे रक्त बंद ठेवून पुन्हा सुरू केले तर धोक्यातील स्नायूपैकी सुमारे ३८ टक्के मृत झालेला आढळला. ३ तासांनी ५७ टक्के आणि ६ तासांनी ७१ टक्के. माणसाच्या हृदयात आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांची मदत कमी-अधिक असते, त्यामुळे हेच आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. लाटेची दिशा मात्र तीच असते.

हे मोजमाप कुत्र्यांच्या हृदयावर झाले होते. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या सभेपुढे ही बाब झाकून ठेवणे योग्य नव्हे. आज प्रत्येक अतिदक्षता विभागात जे ज्ञान वापरले जाते, त्याच्या मुळाशी मुक्या प्राण्यांचे प्राण आहेत. असे ज्ञान हाती आल्यावर ते अज्ञानाने किंवा आळसाने वाया घालवणे हा त्या जीवांवरचा दुसरा अन्याय ठरेल, एवढे तरी म्हणता येईल.

त्याच जेनिंग्ज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली एक चमत्कारिक निरीक्षण नोंदविले होते. काही काळ रक्त बंद राहिलेल्या स्नायूत ते परत सोडले की अवघ्या काही मिनिटांत पेशी फुगतात, त्यांचे तंतू आवळून गोळा होतात आणि तंतुकणिकांत कॅल्शियमचे कण साचतात. रक्त न सोडता तसाच ठेवलेला स्नायू इतक्या लवकर असा दिसत नाही. म्हणजे जीवन परत आणणारी गोष्टच मरणाची घाई करीत होती. पुढे १९८५ साली ब्राउनवाल्ड आणि क्लोनर या हृदयरोगतज्ज्ञांनी पुनःप्रवाहाला दुधारी तलवारीची उपमा दिली, ती वैद्यकात रूढ झाली.

हे नेमके कसे घडते? त्यासाठी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील भारनियमनाचे दिवस आठवावेत. वीज गेली की जाणता फोरमन हातावर हात ठेवून बसत नसे. तो शेडमध्ये फिरून एकेका यंत्राचा स्विच पाडून ठेवीत असे. कारण वीज जाते तेव्हा यंत्रे फक्त थांबतात. ती परत येते तेव्हा सगळ्या मोटारी एकाच क्षणी ओढ घेतात आणि तारा जळतात त्या त्या वेळी.

पेशीतही असेच होते. प्राणवायू संपताच तिची वीज, म्हणजे एटीपी हे ऊर्जाद्रव्य, आटू लागते. पेशी प्राणवायूवाचून साखर जाळून कशीबशी तग धरते. त्यातून आम्ल साचते. पेशीतील सोडियम बाहेर उपसणारा पंप ऊर्जेअभावी मंदावतो, सोडियम आत तुंबते आणि त्याच्या पाठोपाठ कॅल्शियमही आत येऊ लागते. या सगळ्या दुरवस्थेत एक गोष्ट मात्र उपकारक ठरते, ती म्हणजे आम्लता. पेशीचे वीजघर असलेल्या तंतुकणिकांच्या भिंतीत एक झडप असते. ती उघडली तर वीजघर कायमचे निकामी होते. साचलेले आम्ल ही झडप मिटून ठेवते.

आता रक्त परत येते. पहिल्या काही मिनिटांत ते आम्ल धुऊन नेते आणि झडपेवरचा पहारा उठतो. त्याच वेळी अचानक मिळालेल्या प्राणवायूतून तंतुकणिकांत फ्री रॅडिकल्स म्हणून ओळखले जाणारे अत्यंत दाहक कण उसळतात. रक्त बंद असताना साचलेले सक्सिनेट हे द्रव्य भराभर जळू लागते आणि त्यातून हा भडका उडतो, असे २०१४ साली दाखविले गेले. कॅल्शियमचा लोंढा, दाहक कण आणि आम्लाचा अभाव ही तिन्ही एकत्र येतात आणि झडप उघडते. ऊर्जा हाती येताच कॅल्शियमने तुंबलेले तंतू इतक्या जोराने आवळतात की पेशीचे आवरण फाटते. थोडा वेळ मिळता तर सावरली असती अशी पेशी अशा रीतीने पारण्याच्या ताटावरच प्राण सोडते.

रुग्णशय्येजवळ या घटनेची चार रूपे दिसतात. पहिले रूप म्हणजे ठोक्यांची अनियमितता. पडद्यावर विचित्र, रुंद ठोक्यांची रांग सुरू होते. नातेवाईक घाबरतात, पण अनुभवी डॉक्टरला अनेकदा तीच रोहिणी उघडल्याची खूण वाटते. बहुतेक वेळा ती आपोआप शमते. क्वचित ठोके घातक वळण घेतात आणि विजेचा झटका द्यावा लागतो. म्हणूनच गुठळी विरघळविणारे औषध मॉनिटर आणि झटक्याचे यंत्र हाताशी ठेवून द्यायचे असते.

दुसरे रूप सर्वांत फसवे. रोहिणी उघडली, स्नायू जिवंत आहे, तरीही तो आकुंचन पावत नाही. वीज आली पण यंत्र बधिर पडले. इंग्रजीत यास ‘स्टनिंग’ म्हणतात. सुन्न पडणे हा त्यासाठी आपला जुना शब्द पुरेसा आहे. हा सुन्नपणा काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत ओसरतो. त्याच्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

तिसरे रूप असे की मोठी रोहिणी उघडते, पण तिच्या टोकाच्या केसाएवढ्या वाहिन्या सूज, गुठळीचा भुगा आणि गोळा झालेल्या पांढऱ्या पेशी यांमुळे बंदच राहतात. पाटाला पाणी सुटले तरी वाफ्यांची तोंडे बुजलेली, असा हा प्रकार. चौथे रूप म्हणजे वर सांगितलेला पेशींचा प्रत्यक्ष मृत्यू. झटक्यानंतर जेवढा स्नायू कायमचा गमावला जातो, त्यातील निम्म्यापर्यंतचा वाटा या पुनःप्रवाहाच्या इजेचा असू शकेल, असा अंदाज येलन आणि हौजनलॉय यांनी २००७ साली मांडला होता. तो प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे होता, माणसांत हा वाटा किती यावर अद्याप एकमत नाही.

मग हृदयालाही मुगाच्या पाण्यासारखे पारणे का देऊ नये? संशोधकांनाही हा प्रश्न पडला. १९८६ साली मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी दाखविले की मोठ्या अडथळ्याआधी पाच-पाच मिनिटांचे चार छोटे अडथळे दिले तर तोच स्नायू ४० मिनिटांचा उपास कितीतरी सहज सोसतो. मृत भाग जवळजवळ एक चतुर्थांशावर येतो. एकासन, उपवास, अठ्ठम असे चढत जाणाऱ्या तपस्व्याला हे वाचून नवल वाटणार नाही. मात्र उपवास केल्याने हृदयविकाराचा झटका सुसह्य होतो, असा अर्थ यातून कोणी काढू नये; येथे उपवास हा शब्द केवळ उपमेपुरता आहे. शिवाय झटका आधी कळवून येत नाही. म्हणून २००३ साली दुसरी युक्ती पुढे आली. रोहिणी उघडताना ती एकदम न उघडता काही सेकंद सोडायची, काही सेकंद दाबायची, असे चार-सहा वेळा करायचे. प्रयोगशाळेत हे खरोखरीचे मंद पारणे फळाला आले. डेन्मार्कमध्ये १,२३४ रुग्णांवर ते पडताळले गेले, तेव्हा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यू किंवा हृदय कमकुवत होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटलेले दिसले नाही. सायक्लोस्पोरिन या औषधाने ती घातक झडप मिटून ठेवता येईल अशी आशा २००८ साली ५८ रुग्णांच्या लहान अभ्यासाने निर्माण केली होती. ९७० रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाने २०१५ साली ती मावळली. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो आळीपाळीने फुगवावा, म्हणजे हृदयाला दुरून सराव मिळेल, ही कल्पना किती स्वस्त आणि निरुपद्रवी होती! २०१९ साली ५,४०१ रुग्णांच्या अभ्यासात तिचाही उपयोग दिसला नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर शल्यविशारद हृदय थंड, पोटॅशियमयुक्त द्रावणाने थांबवितात आणि काम आटोपल्यावर त्याला जागे करतात. तेथे पूर्वतयारीला अवसर असतो. रस्त्यात, दुकानात, रात्रपाळीत आलेल्या झटक्याला तो नसतो.

पारण्याची उपमा येथेच सोडून द्यावी लागते. तपस्व्याचे पारणे तासभर लांबले तर बिघडत नाही. हृदयाचे लांबले तर लाट पुढे सरकते. परत येणाऱ्या रक्ताची इजा कमी करण्याचा निर्विवाद सिद्ध झालेला मार्ग आजमितीस एकच आहे: उपास लहान ठेवणे. अडथळा जितका थोडा वेळ, तितके आम्ल कमी, कॅल्शियम कमी, भडका कमी. इजा होते म्हणून रक्त सोडायचेच नाही, हा विचार तर आत्मघाताचा. इटलीतील ११,८०६ रुग्णांच्या अभ्यासाने १९८६ साली आणि १७,१८७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने १९८८ साली हे पुरते स्पष्ट केले. इटलीच्या अभ्यासात पहिल्या तासाभरात स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांतील मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. १९८८च्या अभ्यासात अ‍ॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही मिळालेल्यांत, दोन्हींपैकी काहीही न मिळालेल्यांच्या तुलनेत, पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. ठोके बिघडणे, दाब उतरणे, सुन्नपणा हे सर्व त्या रुग्णांतही घडतच होते. हिशेबाची बेरीज ते धरूनही अशी निघाली.

हा हिशेब पालघर-बोईसरच्या नकाशावर मांडून पाहिला पाहिजे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात समुद्रावर जाणारे सातपाटीचे मच्छीमार आहेत, तारापूरचे १९६९ सालापासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र आहे, तीन पाळ्यांत चालणारी औद्योगिक वसाहत आहे आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगरातील पाडेही आहेत. पालघर स्थानकापासून चर्चगेट सुमारे नव्वद किलोमीटर, बोईसर त्याहून पुढे. बोईसरहून चिल्हार फाट्याला आणि पालघरहून मनोरला महामार्ग गाठायचा, मग घोडबंदरच्या वर्सोवा खाडीपुलाकडे. त्या पुलाच्या अलीकडे वाहनांच्या रांगेत अडकण्याचा अनुभव या सभागृहात कोणाला नसेल? भारतातील ५० शहरांमधील २०,४६८ रुग्णांची जी पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली, तीत दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम कालावधी ३६० मिनिटे होता. सहा तास! कुत्र्यांच्या हृदयावरील ते आकडे येथे आठवावेत. त्याच पाहणीत तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण गरिबांत ८.२ टक्के, तर श्रीमंतांत ५.५ टक्के होते.

समजा, बोईसरमधील पन्नाशीचे एक गृहस्थ पहाटे पाच वाजता छातीत दाब, डाव्या हातात कळ आणि दरदरून घाम अशा अवस्थेत उठले. (झटके पहाटेनंतर दुपारपर्यंतच्या वेळेत अधिक येतात, हे पुष्कळ अभ्यासांत आढळले आहे.) घरात तीन मते असतात. आजी म्हणतात पित्त आहे. मुलगा गाडी काढून मुंबईला निघू पाहतो. सून १०८ क्रमांक फिरवते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ सालापासून आहे. यांत सुनेचे बरोबर आहे. पहिले काम जवळच्या ज्या रुग्णालयात इसीजी निघतो तेथे तो काढणे हे आहे, आणि तो पोहोचल्यापासून दहा मिनिटांत निघावा अशी अपेक्षा असते. इसीजीवर रोहिणी पूर्ण बंद झाल्याची खूण असेल तर डॉक्टरांनी हिशेब करायचा: दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टीने रोहिणी उघडता येईल का? येत असेल तर तोच उत्तम मार्ग. येत नसेल, आणि रक्तस्रावाचा विशेष धोका नसेल, तर गुठळी विरघळविणारे औषध तेथेच, तत्काळ द्यावे आणि मग मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावे. तेथे पुढच्या दोन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी करता येते. गाडी वर्सोवा पुलावर अडकली तरी औषध रोहिणीत आपले काम करीतच असते. या औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एकाहून कमी, पण तो असतो आणि नातेवाइकांना तो आधी सांगितला गेला पाहिजे. स्ट्रेप्टोकायनेजने रक्तदाबही उतरू शकतो. तेही आधीच सांगितलेले बरे. नंतर सांगितलेले कारण सबबीसारखे ऐकू येते.

जवळचे लहान केंद्र आणि दूरचे मोठे रुग्णालय अशी सांगड घालून तमिळनाडूत २,४२० रुग्णांचा अभ्यास झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले. आणि लहान केंद्रात हृदय वाचविता येते का, असे विचारणाऱ्यांनी कोकणातच पाहावे. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्रभर बसून, विषाने हृदय निकामी होत जाते हे टिपले. ते निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे प्राझोसिन या साध्या गोळीने त्यांनी त्या मृत्यूंना आळा घातला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रोग वेगळा, पण प्रश्न तोच होता. रुग्णाला मुंबईला पोहोचवेपर्यंत हृदय थांबणार नव्हते. उपचारालाच बिरवाडीत यावे लागले.

आता खास या समाजापुरत्या दोन बाबी. पहिली चौविहाराची. सूर्यास्तानंतर चौविहार घेतलेल्या व्यक्तीला रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर अ‍ॅस्पिरिनची गोळी तोंडात घालण्याचा प्रश्न येतो. ही गोळी चावून घ्यायची असते, कारण चावल्याने ती लवकर रक्तात उतरते. डॉक्टर सहसा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास देतात. (ज्यांना तिचे वावडे आहे, पोटात व्रण आहे किंवा नुकताच रक्तस्राव झाला आहे, त्यांनी ती घेऊ नये, फोनवर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.) नियम मोडेल या भीतीने काही मंडळी सूर्योदयाची, कधी नवकारशीची वाट पाहतात. परंतु पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत, आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवलत त्यांत आहे. नियम देणाऱ्यांनी आजारी माणसाचा विचार आधीच करून ठेवला आहे. हृदयविकार असलेल्यांनी चातुर्मास सुरू होण्यापूर्वीच आपल्या महाराजसाहेबांकडून ही गोष्ट समजून घ्यावी आणि घरच्यांच्या कानावर घालावी. पहाटे दोन वाजता उपाश्रयाचे दार ठोठावण्याइतका वेळ हृदयाकडे नसतो. तपश्चर्येच्या काळात नेहमीच्या गोळ्या परस्पर बंद करणेही तितकेच धोक्याचे. विशेषतः ज्यांना स्टेंट बसविला आहे त्यांना.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. झटक्याच्या उपचारात वापरले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते आणि पुष्कळ कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे असते. स्ट्रेप्टोकायनेज जिवाणूंपासून मिळते. फोंडापॅरिनक्स हे पूर्णतः कृत्रिम औषध काही परिस्थितींत हेपारिनऐवजी चालते, तातडीच्या अँजिओप्लास्टीत मात्र ते एकटे पुरत नाही. ज्यांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, त्यांनी तो आपल्या डॉक्टरांशी निरोगी असताना, बाह्यरुग्ण विभागात बसून बोलावा. झटक्याच्या रात्री संमतिपत्रावर सही करताना तो उपस्थित झाला तर वेळ जाते, आणि ज्या वेळेविषयी इतका वेळ बोलणे झाले तीच ही वेळ.

शेवटी त्या सुन्न पडलेल्या हृदयाकडे. झटक्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इको तपासणी होते आणि कागदावर हृदयाची ताकद ‘३० टक्के’ किंवा ‘३५ टक्के’ अशी लिहून येते. निरोगी हृदयाचा हा आकडा साधारण ५५ ते ७० असतो हे कोणी तरी सांगते आणि घरात सुतकी कळा पसरते. दुकान विकायचे का, मुलीचे लग्न आधी उरकायचे का, इथपर्यंत बोलणी जातात. पण त्या दिवशी मोजलेला आकडा मृत आणि सुन्न या दोन्ही स्नायूंचा मिळून असतो. त्यातील सुन्न किती, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. म्हणूनच हृदयात कायमचे विद्युत्-यंत्र बसवायचे की नाही यासारखा निर्णय डॉक्टर झटक्यानंतर निदान चाळीस दिवस थांबून, पुन्हा इको काढून करतात. मधल्या काळात औषधे चुकवायची नाहीत, बिडी-तंबाखू बंद, आणि डॉक्टर सांगतील तेवढे चालणे. दुसऱ्या इकोची तारीख रुग्णालयातून घरी निघतानाच कागदावर लिहून घ्यावी आणि पहिला इसीजी त्याच कागदाला टाचून ठेवावा. जय जिनेंद्र!